साखळी पूर्ण झाली

३ ऑक्टोबर, गुरुवार
घट बसले. त्याच मुहूर्तावर रोजनिशी सुरू. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे खोटं लिहिण्याचं कारण नाही.
आज मी 'कोठार वार्ता'ची संपादक झाले. एकमताने. ऑनलाइन बैठकीला आम्ही चौघं होतो. मी बारामतीच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून, सॉफ्टवेअर लिहिणारा अनिमेष पुण्याहून, सार्वजनिक वाचनालयाचे दत्तोपंत इंदापूरहून आणि शाळेचं ग्रंथालय सांभाळणारी इरा वडगाव निंबाळकरहून. अनिमेषने विचारलं, समुदायाच्या बातम्यांचं पत्रक दरमहा कोण काढेल. दत्तोपंतांचा आवाज बंद होता, इराचा कॅमेरा. मी हो म्हटलं.
पहिलं वाक्य लगेच लिहून ठेवलं. 'जुने कागद, फोटो आणि आवाज कॉम्प्युटरवर जपून ठेवणारं कोठार हे सॉफ्टवेअर कुणालाही फुकट वापरता येतं, कुणालाही सुधारता येतं, आणि त्यामागे मोठा समुदाय उभा आहे.' अनिमेषने मेसेज केला, मॅडम, सुधारणारा मी एकटाच आहे. त्याला कळवलं, समुदाय आधी मनात मोठा व्हावा लागतो.
उद्यापासून पहाटे पाचला उठून तासभर नोंदी.

९ ऑक्टोबर, बुधवार
नवरात्रात पहाटे जमत नाही. दसऱ्यानंतर.
कोऱ्हाळे बुद्रुकहून कुशाबाई आणि त्यांची सून स्वरूपा कॉलेजच्या ग्रंथालयात आल्या. कुशाबाईंचे मालक, जोतीराम आबा, गेल्या माघात गेले. त्यांचं रेकॉर्डिंग मी पाच वर्षांपूर्वी केलं होतं. उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या त्यांच्या गावातली प्रत्येक विहीर, प्रत्येक बांध, कुठल्या आळीत कुणाचं घर. दोन तास अकरा मिनिटं. माझ्या संग्रहातली सर्वांत मोलाची वस्तू.
कुशाबाईंना विहिरींशी देणंघेणं नाही. त्या म्हणाल्या, "अठ्ठावन्न वर्सं 'अगं ए' म्हनूनच हाक मारली. तुमी रेकार्डिंग करून गेला तवा रातच्याला जेवताना मला म्हनले, आज तुला नावानं हाक मारली, पर तू गोठ्यात हुतीस. आता त्या मशिनमदी हाय, तितनं ऐक. मी काय परत म्हननार न्हाय." सांगताना हसल्या, मग पदर तोंडाला लावला. वर्षश्राद्धाच्या आत एकदा ऐकायचंय म्हणे.
स्वरूपाने पेनड्राइव्ह आणला होता. तिला समजावलं की पेनड्राइव्ह हरवतो, कोठाराचा पत्ता कायमचा असतो. जगात कुठूनही ऐका. पत्ता छान कागदावर छापून दिला. कुशाबाईंनी घडी करून कनवटीला लावला.
स्वरूपा निघताना म्हणाली, म्याडम, घालून दिलं असतं तर पाच मिन्टाचं काम हुतं. तत्त्वाचा प्रश्न तिच्या लक्षात आला नाही. पेनड्राइव्ह माझ्या टेबलाच्या खणात ठेवून घेतला. नाही म्हणायला वाईट वाटलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
पहिला अंक गेला. एकसष्ट पत्ते. चार दिवस थांबून प्रतिसादाचा आढावा घ्यायचा.

१९ ऑक्टोबर, शनिवार
दोन प्रतिसाद. एक दत्तोपंतांचा, अक्षर मोठं करा. दुसरा श्रीलंकेहून. एका ग्रंथपालांनी यादीतून आपलं नाव काढायला सांगितलंय. पुढच्या अंकासाठी मथळा तयार: 'समुद्रापलीकडूनही दखल'.
ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, त्याला नाव काढायचंय ना. म्हटलं, दखल घेतल्याशिवाय कुणी नाव कशाला काढेल.

४ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीनंतरची बैठक. अनिमेषने नको तो विषय काढला. आमचा सर्व्हर म्हणजे ग्रंथालयातल्या टेबलाखालचा जुना कॉम्प्युटर. त्याची डिस्क थकली आहे, त्यातलं सगळं फक्त तिथेच आहे, आधी दुसरी प्रत काढा, मगच नवी आवृत्ती. हे तो जूनपासून म्हणतोय.
तेव्हा मला कल्पना सुचली. साखळी. आमची प्रत इंदापूरला, इंदापूरची वडगावला, वडगावची आमच्याकडे. कुणी एकटं नाही, कुणी कुणावर उपकार करत नाही. समुदाय म्हणतात तो हाच. दत्तोपंत म्हणाले, उत्तम. इरा म्हणाली, मस्त मॅम. तिघांनी अंगठे दाखवले. प्रत कोण नेणार, कधी नेणार, हे तपशील ओघाने येतील.
उत्साहात चालत घरी आले, थेट जळोचीपर्यंत. रोज चालायला हवं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
अंक दुसरा. मुख्य बातमी: 'साखळी पूर्ण झाली. तीन संस्था, तीन प्रती. आपला ठेवा आता सुरक्षित'.
क्षणभर थांबले, कारण प्रती अजून निघायच्या आहेत. पण अंक लोकांच्या हाती महिनाभर असतो, तोवर निघतीलच. 'निघणार आहेत' असं छापलं की लोक थंड पडतात. संपादकाने थोडं पुढे चालावं.
दत्तोपंतांचा फोन. अंक छापून वाचनालयाच्या फलकावर लावला म्हणे. पहिल्यांदाच कुणी लावला.

२० नोव्हेंबर, बुधवार
निवडणुकीची ड्यूटी. त्याआधी तिचं ट्रेनिंग. प्रत काढायला वेळ नाही, आणि हे कारण सरकारी आहे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
स्नेहसंमेलनाची भाषणं रेकॉर्ड करायची होती, रेकॉर्डरच्या कार्डात जागा नव्हती. जुन्या मुलाखती काढून कार्ड मोकळं केलं. त्यात आबांचीही होती. बोट थोडं अडखळलं. पण ती कोठारात आहे, आणि कोठार साखळीत आहे. आपल्याच व्यवस्थेवर आपला विश्वास नसेल तर इतरांचा कसा बसेल.

५ डिसेंबर, गुरुवार
इराने एसटीच्या पार्सलने डिस्क पाठवली. तिच्या शाळेची प्रत. शिस्तीची मुलगी. कपाटात वरच्या फळीवर ठेवली. सवडीने उघडते.
आमची डिस्क इंदापूरला न्यायची तर शनिवार धरावा लागेल. इंदापूर रस्त्यावर ऊसवाहतूक फार. गाळप संपलं की जाते.

१७ डिसेंबर, मंगळवार
अनिमेषला मोठी नोकरी लागली. कोठारासाठी आता रविवारचे दोन तास. अभिनंदन केलं. त्याने विचारलं, मॅडम, इंदापूरला प्रत पोचली ना नक्की? त्याला नोव्हेंबरच्या अंकाचा दुवा पाठवला. अर्ध्या तासाने उत्तर आलं, हो वाचलं, मग काळजी नाही.
मन हलकं झालं. लेखी असलं की किती प्रश्न सुटतात.

६ जानेवारी, सोमवार
नव्या वर्षाचे संकल्प: पहाट, चालणं, नोंदी. आजपासून नाही, कारण आज सोमवार असला तरी सर्दी आहे.
स्वरूपाचा फोन. कागदावरचा पत्ता मोबाइलवर घातला तर नुसतं गोल फिरतंय म्हणे. शेजारच्या मोबाइलवरही फिरतंय. आत्याबाई, म्हणजे कुशाबाई, दुपारभर मोबाइल मांडीवर घेऊन त्या गोलाकडं बघत बसत्यात. तिला सांगितलं, फाइल मोठी आहे, नव्या आवृत्तीत हा दोष जाणार आहे. ती म्हणाली, नवी आवृत्ती कंदी? लवकरच म्हटलं. ती म्हणाली, तेवीस फेब्रुवारीला तिथीय, त्येच्या आदी यील का? म्हटलं, बातमी येईलच.

१५ जानेवारी, बुधवार
संक्रांतीचे तिळगूळ वाटप ग्रंथालयात. टेबलाखालून टकटक ऐकू येतेय. शिपाई रतनकाका म्हणाले, बाई, पाल असंल. पाल नाही, सर्व्हर आहे. आवाज येतोय म्हणजे चालू आहे.
अंकात घातलं: 'नवी आवृत्ती उंबरठ्यावर'. अनिमेषने विचारलं, कुठल्या उंबरठ्यावर, मी तर अजून सुरुवात केली नाही. लोकांना आशा लागते, हे या तांत्रिक माणसांना कळत नाही.

२७ जानेवारी, सोमवार
कुशाबाई स्वतः फोनवर होत्या. आवाज इतका मोठा की मी मोबाइल कानापासून लांब धरला. "बाई, मी म्हनते, माझं वय बी झालंया. तुमच्या त्या आवृत्तीचं नका मनावर घेऊ. मला तितं येऊन ऐकू द्या. म्या खाली बसंन, खुर्ची बी नको."
बरोबरच होतं. इतकं सोपं मला कसं सुचलं नाही. मंगळवारी, ४ तारखेला, दुपारी या म्हटलं. स्पीकर लावून ठेवते. त्या म्हणाल्या, स्पीकर नगं, हळूच लावा, चारचौघांत लाज वाटंल.
खणातला पेनड्राइव्हही त्या दिवशी भरून देणार. तत्त्वाला एखादा अपवाद शोभतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी साडेदहा
टकटक नाही. बरं वाटलं, पालीचीच असावी.
सर्व्हर सुरू होत नाही.

त्याच दिवशी, दुपारी चार
रतनकाकांनी तीनदा वायर काढून घातली. अनिमेषने फोनवरून सांगितलं ते सगळं केलं. मग तो म्हणाला, डिस्क गेली, पण घाबरू नका, इंदापूरची प्रत आहे ना.
कुशाबाई दोनला आल्या होत्या. नवं लुगडं. स्वरूपाने त्यांना गाडीवरून आणलं, उसाच्या ट्रॉल्यांतून. लाइट नाही असं सांगितलं. डोक्यावर पंखा फिरत होता. स्वरूपाने पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कुशाबाई म्हणाल्या, असू द्या, यील लाइट. आणि दीड तास बसल्या.
शेवटी म्हटलं, मीच तिथीला घेऊन येते. पेनड्राइव्ह, स्पीकर, सगळं. अंकात छापल्याप्रमाणे इंदापूरला प्रत असताना खोटं कसं म्हणता येईल याला.

५ फेब्रुवारी, बुधवार
मी नेली नसली तरी त्यांनी परस्पर एखादी प्रत नेली असेल, म्हणून दत्तोपंतांना फोन. त्यांनी आधी तब्येत विचारली. मग म्हणाले, "अहो विनयाताई, मी डिस्क विकत आणून ठेवलीय नोव्हेंबरात. कोरी आहे. तुम्ही निरोप पाठवणार म्हणून थांबलो होतो. मग तुमचाच अंक आला, साखळी पूर्ण झाली. मी म्हटलं, ताईंनी परस्पर दुसरी सोय केली असेल. फलकावर लावलंय हो अजून, मोठ्या अक्षरात करून."
इराला फोन. तिनेही तेच वाचलं होतं. इंदापूरची प्रत तिच्याकडे यायची होती, ती अंक वाचल्यावर वाट बघायची थांबली. म्हणाली, मॅम, मला वाटलं माझंच नाव वगळलं. थोडं वाईटही वाटलं होतं. मग म्हणाली, आमची तरी आहे ना तुमच्याकडे?
कपाट उघडलं. पार्सलची दोरी अजून बांधलेलीच. आत वृक्षारोपणाचे तीनशे चाळीस फोटो, सगळे व्यवस्थित. म्हणजे तीनपैकी एक दुवा शाबूत. कल्पनेत दोष नव्हता.
अनिमेषला शेवटी सांगितलं. तो मग म्हणाला, मॅडम, मी जूनपासून सांगत होतो आणि डिसेंबरात सांगायचं थांबवलं. तुमची बातमी वाचून थांबवलं.
हे सगळे माझे अंक वाचत होते. हे मला आधी कुणी कळवलं असतं तर.

१० फेब्रुवारी, सोमवार
डिस्क घेऊन स्वतः पुण्याला गेले. दुरुस्तीवाला सभ्य होता. म्हणाला, आतली तबकडी खरवडली गेलीय. आवाज येत होता तेव्हा बंद करून आणायला हवी होती. किती दिवस येत होता? म्हटलं, चारपाच दिवस.
परतीच्या बसमध्ये विचार केला. रेकॉर्डरचं कार्ड. पण त्यावर प्राचार्यांचं प्रास्ताविक आहे आणि दोन तासांचा आभारप्रदर्शनाचा कार्यक्रम.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
अंक काढावा की नाही. काढला. 'काही नोंदी तात्पुरत्या उपलब्ध नाहीत'. 'तात्पुरत्या' शब्द तीनदा खोडला, तीनदा लिहिला.
दत्तोपंतांचा फोन आला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
स्वरूपाला फोन लावला, सगळं सांगण्यासाठी. तिने उचलताच सांगितलं, पाव्हणे येनारेत, आत्याबाईंनी समद्यांना सांगून ठिवलंय, बाई आबांचा आवाज घिऊन येनारेत. अविराज भाऊजी स्पीकर आननारेत. म्हटलं, बरं झालं. आणि ठेवला.
विचार करता वाटलं, अशी गोष्ट फोनवर सांगणं बरं नव्हे. समोर बसून सांगावी.
आबांच्या विहिरींची यादी माझ्या जुन्या वहीत सापडली. हाताने उतरवलेली, एकशे सात नावं. सुबक टाइप करून फ्रेम करायला टाकली. आवाज नसला तरी ज्ञान उरलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
कोऱ्हाळ्याला जाऊन आले.
मांडव लहानसा. स्पीकर खुर्चीवर ठेवलेला, वायर जोडून. पानं वाढायची थांबवली होती, आधी आवाज ऐकायचा म्हणून. मी फ्रेम पुढे केली. कुशाबाईंचे दीर म्हणाले, फोटू हाय का? मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. पिंपळाची विहीर, सोनाराची विहीर, आंधळी विहीर. दोनतीन म्हातारे मान हलवत होते. स्वरूपाने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि स्पीकरची वायर काढून गुंडाळली.
आतल्या खोलीत कुशाबाईंना सांगितलं. मशीन बंद पडलं, आवाज गेला, परत यायचा नाही. साखळीबद्दल सांगायला लागले, कुणाचा नेमका दोष म्हणता येत नाही वगैरे. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुमी तर म्हनला हुता, जगात कुटनंबी ऐका." म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "जगात न्हाय म्हना मंग."
जरा वेळाने जवळ सरकल्या. दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, बाई, मला न्हाय ऐकाया मिळालं, पर तुमी तर ऐकलंय. खरंच नावानं हाक मारली हुती का?
हो म्हटलं. एवढं तरी द्यावं असं वाटलं.
त्यांनी माझं मनगट धरलं. "कुठल्या नावानं?"
मला प्रश्न कळला नाही. म्हटलं, तुमच्याच. कुशा म्हणाले.
मनगट सोडलं त्यांनी. मग म्हणाल्या, "कुशा हे हितलं नाव. लग्नात सासूनं ठिवल्यालं. मी म्हाळसा. त्ये माझ्या आत्याचं पोरगं, ल्हानपनी म्हाळसा म्हनूनच खेळायचो आमी. लग्न झालं आन् बंद झालं. मला वाटलं हुतं, त्या दिशी म्हाळसा म्हनले असतील."
मी म्हटलं, कदाचित मला नीट आठवत नसेल. त्या म्हणाल्या, "न्हाय न्हाय. तुमी शिकल्याल्या. तुमचं खोटं कसं असंल." आणि उठून पानं वाढायला गेल्या. मला आग्रहाने दोनदा खीर वाढली.
घरी येऊन जुनी वही काढली. यादीच्या शेवटी माझ्याच अक्षरात आहे: 'अखेरचे बारा सेकंद, घरगुती बोलणं, अप्रस्तुत.' ते ऐकून लिहिलेलं नाही, रेकॉर्डरवरच्या आकड्यावरून अंदाजाने लिहिलंय. रेकॉर्डर चालू ठेवून मी तेव्हा बाहेर हात धुवायला गेले होते, आणि नंतर तिथवर कधी ऐकलंच नाही.